रूळ जिथं संपतात त्या गावातून

कोल्हापूरला रेल्वे येते आणि संपते. फलाटाला गाडी लागली की पुढं जायला जागाच नाही, समोर बफर आणि त्याच्यामागं गाव. पुढं गगनबावड्याला, रत्नागिरीला कुठंही जायचं तर स्टँडवर जाऊन एस.टी. पकडायची. आम्हाला हे इतकं सवयीचं झालंय की यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटत नाही. पण ज्याला रेल्वेगाड्या बघायचा नाद आहे (मला लहानपणापासून आहे, आणि आता माझ्या पोरीलाही लागलाय) त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण आमच्या गावात गाडी एकतर येताना दिसते नाहीतर सुटताना. न थांबता, फलाट हादरवत, समोरनं धडधडत निघून जाणारी गाडी कोल्हापूरच्या स्टेशनात उभं राहून कधीच बघायला मिळत नाही.

माझ्या सगळ्या सुट्ट्या या एका गोष्टीभोवती फिरतात असं म्हटलं तरी चालेल. लोक सुट्टीत समुद्र बघायला जातात, आम्ही जाणारी गाडी बघायला जातो, आणि वाटेत एखादं रेल्वे म्युझियम लागलं तर तिथं अख्खा दिवस घालवतो. घरातल्यांनाही आता ते मान्य झालंय. बायको सोबत पुस्तक घेते, पोरगी वही.

आधी आमच्या टर्मिनसविषयी सांगतो, कारण रूळ संपतात त्या स्टेशनाचीही एक मजा असते आणि ती बाहेरच्यांना माहिती नसते. महालक्ष्मी किंवा कोयना फलाटाला लागली की लोक बॅगा घेऊन रिक्षाकडं पळतात, आणि आम्ही उलट्या दिशेनं, इंजिनाकडं. तिथं एक माणूस इंजिन आणि पहिल्या डब्याच्या मधे उतरतो, हवेच्या पाइपचे कॉक बंद करतो, पाइप सोडवतो, तेव्हा जो फस्स करून आवाज येतो तो माझ्या पोरीला अजून दचकवतो. मग कपलिंग सुटतं, इंजिन थोडं पुढं सरकतं, सांधा बदलतो, आणि तेच इंजिन शेजारच्या रुळावरनं सावकाश पार दुसऱ्या टोकाला जातं, कारण परत जाताना तेच टोक पुढं असणार. हे बघत बघतच मी पोरीला गाडीचा ब्रेक समजावून सांगितला. पाइपमध्ये हवा भरलेली असते तोवर ब्रेक सुटलेला असतो, आणि हवा निघून गेली की ब्रेक लागतो. त्यामुळं चालत्या गाडीचे मधेच दोन तुकडे झाले, पाइप तुटला, तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. तिनं विचारलं, "म्हंजे बाबा, गाडी थांबायचं धरूनच चालते व्हय?" मला फार आवडला तो प्रश्न. 2024 साली पुण्याची वंदे भारत सुरू झाली, तिला वेगळं इंजिनच नाही, लोको पायलट, म्हणजे ड्रायव्हर, आपली बॅग उचलतो आणि चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो. तेही आम्ही बघितलं, पण इंजिन सोडवणं आणि जोडणं बघण्यात जे आहे ते त्यात नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

या लाइनचा इतिहास शाळेत कुणी शिकवला नाही, मोठं झाल्यावर वाचून कळला. 1888 साली शाहू महाराजांच्या हस्ते कामाची सुरुवात झाली, तेव्हा महाराज अजून लहान होते, कारभार हातात यायला सहा वर्षं बाकी होती. 1891 साली मिरज ते कोल्हापूर गाडी सुरू झाली, अठ्ठेचाळीसेक किलोमीटरची लाइन, मीटरगेजची, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. लाइन कोल्हापूर संस्थानच्या मालकीची आणि गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडं. त्यानंतर 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसली, गुळाचा व्यापार तिथं आला, आणि पुढं 1917 साली याच लाइनवर महाराजांनी वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. आजही कोल्हापूरहून निघालं की पहिलं स्टेशन लागतं ते गूळ मार्केट. रेल्वेनं एखादं गाव कसं बदलतं ते बघायला आम्हाला लांब जायची गरज नाही.

जवळच्या जवळ गाडी बघायची तर मी रुकडीकडं जातो. वळिवडे आणि रुकडीच्या मधे पंचगंगेवर रेल्वेचा पूल आहे. उसाच्या फडाच्या कडेनं, रुळापासून चांगलं लांब, एखाद्या बांधावर बसायचं. इथं निदान गाडी थांबत नाही, जाते. लाइन एकेरी आहे, गाड्या काही फार नाहीत, त्यामुळं वाट बघावी लागते, आणि वाट बघणं हा या नादातला निम्मा भाग आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात याच पुलाशी पाणी चढलं होतं, गाड्या मिरजेपर्यंतच येत होत्या आणि कोल्हापूरचं स्टेशन सुनं पडलं होतं. त्यानंतर जेव्हा पहिल्यांदा पुलावरनं गाडी गेलेली बघितली तेव्हा ओळखीचं माणूस दवाखान्यातनं घरी आल्यासारखं वाटलं. पूर्वी इथं पुणे शेडची डिझेल इंजिनं यायची, चढाला लागली की काळा धूर आणि ती घुमणारी धडधड, ऐकूनच कळायचं की गाडी जड आहे का हलकी. आता वर तारा आल्या, इलेक्ट्रिक इंजिन आलं, गाडी गुपचूप येते. हवा स्वच्छ राहते हे चांगलंच आहे, तरी मला त्या आवाजाची आठवण येते.

खरी जाणारी गाडी बघायची तर घाट उतरायला लागतो. गगनबावड्यावरनं खाली उतरलं की वैभववाडी, कोकण रेल्वेचं स्टेशन. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सकाळी लवकर निघतो, डबा बांधून घेतो, प्लॅटफॉर्म तिकीट काढतो आणि एका बाकावर बसतो. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरीच आहे, त्यामुळं स्टेशनात क्रॉसिंग असतं. एक गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, येऊन थांबते, दारात उभे राहून लोक वैतागून बघत असतात, आणि आम्ही मात्र खुश, कारण आम्हाला माहिती असतं की आता मेन लाइनवरनं दुसरी जाणार. आधी रूळ वाजायला लागतात. अगदी बारीक आवाज, लक्ष दिलं तरच कळतो. स्टेशन मास्तर हिरवा झेंडा घेऊन बाहेर येऊन उभे राहतात, गाडीतनं लोको पायलटही हिरवा झेंडा दाखवतो, म्हणजे दोघांनी एकमेकांना सगळं ठीक आहे असं सांगितलं, आणि मग हॉर्न, वारा, धूळ, डब्यामागं डबा, एवढा आवाज की शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही, आणि एकदम शेवटच्या डब्यामागचा मोठा एक्स. तो एक्स दिसला म्हणजे गाडी अख्खी गेली, मागं डबा सुटून राहिला नाही. मास्तर तो बघूनच आत जातात. माझी पोरगी त्या एक्सला हात करते. पहिल्यांदा तिनं असली गाडी बघितली तेव्हा माझा हात घट्ट धरून उभी होती आणि गाडी गेल्यावर बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "ही आपल्याकडं का थांबली नाही?" कोल्हापूरच्या पोरीला गाडी म्हणजे थांबणारीच वाटणार.

तिथं रो-रो पण बघायला मिळते. सपाट वॅगनवर अख्खे ट्रक चढवलेले, एकामागं एक, आणि ट्रकवाले आपापल्या केबिनमध्ये बसलेले, कुणी झोपलेलं, कुणी चहा पितंय. कोकण रेल्वेनं ही सेवा 1999 साली सुरू केली. घाटवळणाच्या रस्त्यानं डिझेल जाळत जाण्यापेक्षा ट्रकनंच रेल्वेत बसायचं, ही कल्पना मला आजही थोर वाटते. रत्नागिरीकडं गेलो तर पानवल नदीवरचा पूल बघतोच. 64 मीटर उंच, 424 मीटर लांब, कित्येक वर्षं देशातला सगळ्यात उंच रेल्वे पूल म्हणून त्याचं नाव होतं. खाली दरीत उभं राहून मान वर करून गाडी जाताना बघायची. वरनं गाडीत बसून गेलात तर पूल कळतच नाही. एक सांगून ठेवतो, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल लागतं, वेग कमी केलेले असतात, तेव्हा वेळा बघूनच निघा.

मिरजेहून दक्षिणेला गेलं की बेळगाव, लोंढा, आणि लोंढ्याहून गोव्याकडं वळलं की कॅसलरॉक. कॅसलरॉक ते कुळे हा घाट ज्यानं बघितला नाही त्यानं एकदा तरी बघावा. दर 37 मीटरला एक मीटर चढ. आकडा साधा वाटतो, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती घसरू शकतं याचा विचार केला की कळतं हे किती अवघड आहे. मालगाडीला पुढंही इंजिनं आणि मागंही इंजिनं लावतात, मागची ढकलतात. उतरताना तर जास्त काळजी, ब्रेक तापतात. 1961 पर्यंत हा घाट म्हणजे सरहद्द होती, वर कॅसलरॉक हिंदुस्थानात आणि खाली कुळे पोर्तुगिजांकडं. दूधसागर खिडकीतनं दिसतो तेव्हा सगळा डबा एका बाजूला गोळा होतो. पण रुळावरनं चालत दूधसागरला जाऊ नका. बंदी आहे, आणि ती योग्य आहे. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते. गाड्या बघायचा नाद असणाऱ्यानं तर हा नियम सगळ्यात आधी पाळायला पाहिजे.

आता म्युझियमकडं येतो. पुष्कळ जणांना रेल्वे म्युझियम म्हणजे मुलांना टॉय ट्रेनमध्ये बसवायची जागा वाटते. बसवा की, आम्हीही बसतो. पण उभं इंजिन बघायला डोळा तयार व्हावा लागतो आणि तो तयार होतो वैभववाडीसारख्या स्टेशनात बाकावर बसून. धावतं इंजिन बघितलेलं असेल तर उभ्या इंजिनाचा एकेक दांडा काय करत असेल ते मनात आपोआप चालू होतं. टर्मिनसच्या गावात वाढल्यामुळं असेल, पण मला उभ्या इंजिनाचं वाईट वाटत नाही. कोल्हापुरात सगळीच इंजिनं येऊन उभी राहतात आणि परत निघतात.

हुबळीचं म्युझियम मला सगळ्यात जवळचं, कारण ते आमच्याच लाइनचं आहे. सदर्न मराठा रेल्वेचं सगळं जग तिकडं, धारवाडला कंपनीचं मुख्य ऑफिस होतं, त्याच इमारतीत आता कर्नाटक कॉलेज आहे, आणि हुबळीला वर्कशॉप. म्युझियम अगदी अलीकडचं, 2020 सालचं, स्टेशनला लागूनच. रेल्वेचे दोन जुने बंगले, एकाचं नाव मलप्रभा आणि दुसऱ्याचं घटप्रभा, दोन्ही नद्यांची नावं, त्यात सगळं मांडलंय आणि बाहेर अंगणात नॅरोगेजची, म्हणजे मीटरगेजहूनही अरुंद रुळांवरची, इंजिनं. म्युझियम बघून झालं की तसंच स्टेशनात जायचं, तिथला प्लॅटफॉर्म 1507 मीटर, जगात सगळ्यात लांब म्हणून 2023 मध्ये गिनीजनं नोंदवलाय. आम्ही तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो आणि तेवढ्यात दोन गाड्या येऊन गेल्या.

रेल्वेच्या कुठल्याही म्युझियममध्ये गेलात तर मोठ्या इंजिनांच्या नादात एक छोटी वस्तू चुकवू नका, टोकनचं यंत्र. लाल रंगाची उंच पेटी, वर गोल तबकडी, आत धातूचे गोळे. एकेरी लाइनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून हे. दोन शेजारच्या स्टेशनांवर अशी एकेक पेटी, दोन्ही तारेनं जोडलेल्या. इकडच्या मास्तरनं घंटा देऊन विचारायचं, तिकडच्यानं होकार द्यायचा, तेव्हाच इकडच्या पेटीतनं एक गोळा बाहेर निघणार. आणि तो एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या पेट्यांतनं दुसरा गोळा निघूच शकत नाही, कितीही खटपट करा. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवीला वेताचं मोठं कडं, असा ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. ज्याच्याकडं गोळा, त्याचीच लाइन. पुढच्या स्टेशनात गोळा पेटीत पडला की लाइन मोकळी. इतक्या साध्या गोष्टीवर रोज हजारो माणसं सुखरूप घरी गेली. मला कुठल्याही राजाच्या सलूनपेक्षा, म्हणजे खास शाही डब्यापेक्षा, ही पेटी जास्त मोलाची वाटते. पोरीला समजावून सांगताना तिथला कर्मचारी थांबला, ऐकलं, आणि मग स्वतःच कानडी-हिंदी मिसळून तिला घंटेचे ठोके कसे असायचे ते सांगायला लागला. असा माणूस भेटला की म्युझियम जिवंत होतं.

सलूनचं म्हणाल तर मैसूरला जा. 1979 सालचं म्युझियम आहे, झाडीत, शांत. महाराणीचा 1899 सालचा डबा आहे, त्यात स्वयंपाकघर, जेवायची जागा सगळं. आमच्या घरच्यांना तो आवडला, मला आवडली ती ऑस्टिन मोटार जी रुळावर चालायची. रस्त्यावरची गाडी, तिला रुळावर धावण्यासारखी केली आणि लाइन तपासायला वापरली. मैसूरला मीटरगेजची इंजिनंही बरीच आहेत आणि आम्हा कोल्हापूरवाल्यांनी ती नीट बघावीत, कारण 1971 साली ब्रॉडगेज, म्हणजे आजचे रुंद रूळ, येईपर्यंत आपल्या स्टेशनात याच मापाची इंजिनं यायची. सोबत आण्णा होते, माझे वडील. एका इंजिनाच्या पायरीला हात लावून ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं दमले असतील. म्हणाले, "एवढुसंच होतं रे. तवा केवढं वाटायचं."

दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे म्युझियम 1977 सालचं, सगळ्यात मोठं, आणि एका दिवसात होत नाही. पटियाला संस्थानची मोनोरेल आहे, एका रुळावर चालणारी, बाजूला एक मोठं चाक रस्त्यावरनं फिरायचं तोल सांभाळायला. मी मात्र तिथं सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो क्रोकोडाइलसमोर. लांब नाकाडाचं इलेक्ट्रिक इंजिन, दोन्हीकडं नाक आणि मधे केबिन, 1928 च्या सुमाराचं, खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटात मालगाड्या ओढायचं. इलेक्ट्रिक असून चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. तीन भाग सुटे सुटे, म्हणजे घाटातल्या वळणावर अंग मोडून वळता यावं. रस्त्यानं पुणे-मुंबई करताना त्या घाटात किती वेळा अडकलोय, आणि तोच घाट ओढून काढणारं हे यंत्र, समोर निवांत उभं. फेअरी क्वीनची गोष्टही याच म्युझियमशी जोडलेली. 1855 चं इंजिन, 1909 साली कामावरनं काढलं, नंतर म्युझियममध्ये ठेवलं, आणि 1997 साली पुन्हा रुळावर आणून दिल्ली ते अलवर चालवलं. हे वाचल्यापासून मी कुठल्याही म्युझियमातल्या इंजिनाला कायमचं बंद झालेलं समजत नाही.

पुण्यात गेलात तर कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, 1998 पासून. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेलं, बनवलेलं एक अख्खं छोटं शहर, त्यात वाफेच्या गाडीपासून बुलेट ट्रेनपर्यंत सगळं चालतं, सिग्नल पडतात, दिवे लागतात. सरकारी पैशावर नाही, एका माणसाच्या ध्यासातनं उभं राहिलेलं. लहान मुलं असतील तर सुरुवात इथनंच करा.

हे सगळं बघून आलो की मला दरवेळी मिरज आठवते. भारतात फार थोडी स्टेशनं अशी होती जिथं तिन्ही गेज एकत्र होते, आणि त्यातलं एक आमच्या दाराशी होतं. पुण्याहून आलेलं ब्रॉडगेज, बेळगावकडं जाणारं मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारं नॅरोगेज, 762 मिलिमीटरचं. ते नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली, 1897 साली बार्शीला सुरुवात, 1927 साली मिरजेपर्यंत आली. त्याचं डोकं असं, की इंजिन असो वा वॅगन, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, म्हणजे हलके रूळ टाकूनही भरपूर माल नेता येतो. कमी पैशात दुष्काळी मुलखात रेल्वे न्यायची ही रीत जगभरच्या नॅरोगेजवाल्यांनी अभ्यासली. आषाढीला वारकरी याच गाडीनं पंढरपूरला जायचे, आत जागा नसेल तर मिळेल तिथं. मी ती गाडी लहानपणी बघितलीय, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड करत सांगोल्याकडं जायची. आण्णा सांगतात, "मिरजेत उतरलं की आधी बघायचं, कुठल्या रुळाची गाडी हाय." एका गाडीतला माल हमाल पाठीवर घेऊन दुसऱ्या गेजच्या गाडीत भरायचे.

या एवढ्या मोठ्या इतिहासाचं एक नीट म्युझियम मिरजेत व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी, प्रत्येकावर एकेक डबा, टोकनची पेटी चालू अवस्थेत, आणि ज्यांनी तिथं नोकरी केली त्या माणसांच्या आवाजातल्या आठवणी. ती माणसं आता ऐंशीच्या पुढं गेलीत. इंजिन शंभर वर्षं टिकतं, गंजलं तर रंगवता येतं. हमालांच्या, पॉइंट्समनच्या, फायरमनच्या आठवणींचं तसं नाही. मी आण्णांपासून सुरुवात केलीय, मोबाइलवर रेकॉर्ड करतो, रविवारी दुपारी जेवणं झाली की. त्यांच्या ओळखीतले रेल्वेतून रिटायर झालेले काही जण आहेत, त्यांच्याकडंही जायचंय. तुमच्या घरात, गल्लीत कुणी रेल्वेत असेल तर त्यांना बोलतं करा, तारखा चुकल्या तरी चालेल, कुठल्या स्टेशनात काय खायला मिळायचं, रात्रपाळीला कुठला दिवा असायचा, एवढं सांगितलं तरी खूप झालं.

या दिवाळीत बार्शी आणि कुर्डुवाडीला जायचं ठरलंय. आण्णा येणार म्हणतायत. पोरगीनं वहीत मिरजेपासनं कुर्डुवाडीपर्यंतची सगळी स्टेशनं क्रमानं लिहून ठेवलीत, आणि कुठल्या स्टेशनात क्रॉसिंग पडेल त्यावर दोघांची रोज पैज चालू आहे.